तिकांडं आणि माझा आठ-दहाचा गजर

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला ‘सर’ म्हणाल याची मला खात्री नाही. बावीस वर्षं झाली, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत भूगोल शिकवतोय. आणि माझी अब्रू गेली ती नेमकी भूगोलातच!

त्याचं असं झालं. नामपूरजवळ आमच्या आत्याचा कांदा आहे. पाणी नदीच्या बंधाऱ्यावरून पाटानं येतं, आणि सगळ्या शिवाराला पाळीपाळीनं मिळतं. पाळीची वेळ कशावर ठरते? घड्याळावर? छे! पाटाजवळच्या दगडावर बसायचं आणि वर बघायचं. मृगातल्या त्या ओळीतल्या तीन चांदण्या, आमचं तिकांडं, समोरच्या बाभळीच्या शेंड्यावर आलं की आत्याचं पाणी सुरू! ना कागद, ना सही, ना कधी भांडण. मला या गोष्टीचा भयंकर अभिमान. स्टाफरूममध्ये सांगून सांगून मी सगळ्यांचे कान किटवलेत.

यंदा आत्याचा गुडघा धरला, म्हणून पाळी माझ्यावर आली. पहिल्या खेपेला ती काठी टेकत आली, दगडावर बसवून मला तिकांडं दाखवलं. मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं! लगेच मोबाईलमध्ये गजर लावून टाकला.

“आत्या, आता मान वर करायलाच नको. पंधरा दिवसांनी बरोब्बर आठ-दहाला हजर!”

“तिकांडाकडे देखजो रे भो. हाई पाणी चुकनं तं कांदा पोसावाव नई.”

“अगं, भूगोलाचा मास्तर आहे मी!”

“बरं,” ती म्हणाली. आत्या लगेच ‘बरं’ म्हणते तेव्हा घाबरायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी!

पंधरा दिवसांनी मी आठलाच बांधावर. चांगला दहा मिनिटं आधी! खांद्यावर फावडं, छाती पुढे. आणि बघतो तर काय, अंधारात कुणीतरी वाकून आत्याचा पाट फोडतंय!

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तेच केलं. बोंब ठोकली. “चोर! पाणीचोर! धरा!”

चारी बाजूंनी बॅटऱ्या आल्या. सात-आठ माणसं जमली. उजेडात बघतो तर शेजारचे नाना! आमच्या आधीची पाळी त्यांचीच असते.

“नाना, तुम्ही? पिढ्यान्‌पिढ्या या पाटावर भांडण नाही, आणि तुम्ही आत्याचा पाट फोडता?”

“सर, हाई तुमनंच पाणी शे,” नाना शांतपणे म्हणाले.

मी बॅटरी खाली फिरवली. वाफे भरलेले. आत्याचे! कांदा पाण्यात नुसता डुलत होता.

“पण माझी पाळी आठ-दहाला...”

आणि तेवढ्यात खिशातला गजर वाजला. सगळ्या शिवारात एकच आवाज, टिणटिण टिणटिण!

नानांनी नुसतं वर बोट केलं. तिकांडं बाभळ सोडून कधीच पश्चिमेला सरकलं होतं. “तासभर व्हयना. तुम्ही उनात नई, म्हणीसन मीच फोडं. आत्याना कांदा वाळाले नको.”

ज्या माणसाला मी चोर म्हणालो, तो मी वेळेवर आलो नाही म्हणून तासभर आमचा कांदा भिजवत होता हो! मी तिथेच हात जोडले. नाना हसले आणि फावडं माझ्या हातात दिलं. अशी माणसं आहेत आमच्या पाटावर. सांगताना अजून ऊर भरून येतो.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आत्यानं विचारलं, “एक तास कसा चुकना रे?”

मी खाली मान घालून म्हणालो, “तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, आत्या. पंधरा दिवसांत एक तास होतो. नववीला शिकवतो मी. परीक्षेत दोन मार्कांना विचारतो.”

“किती वरीस व्हयनात शिकाडी राहिना?”

“बावीस.”

“मंग तू कव्हय शिकशी?”