ओठावरची पिन

मिस्त्री पिन बोटांनी तपासत नसत. शर्टाच्या कडेला पुसून ती खालच्या ओठावर आडवी ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा बासरी वाजवतोय आणि सूर काही निघत नाही. कोणी हसलंच तर एक डोळा उघडून म्हणत, "बोटां मेली रं बाबा. चालीस वरसं डिझेल प्यायलीत. ओठ आजून जिता हाय."

तुम्ही पनवेलहून उरणच्या रस्त्याला कधी गेला असाल, तर कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर डाव्या हाताला गाळ्यांची एक ओळ तुम्हाला दिसली असेल. टायरवाला, बॅटरीवाला, वेल्डिंगवाला, मग माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि शेवटी मिस्त्रींचा गाळा. त्यावर पाटी नव्हती. डिझेलचा पंप बिघडला की ड्रायव्हर लोक नुसतं 'ओव्याचा मिस्त्री' विचारत यायचे. गाव ओवे, म्हणून ओव्याचा. नाव विचारायची गरज मलाही वीस वर्षांत फारशी पडली नाही.

आता पिन म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. जुन्या ट्रकच्या डिझेल पंपात, वरच्या टोपीखाली, बोटाच्या दोन पेरांएवढी एक पोलादी पिन असते. ती एका बाजूने निमुळती असते. गाडी चढाला लागली, टर्बोचा दाब वाढला, की ती खाली सरकते आणि इंजिनाला जास्त डिझेल मिळतं. किती जास्त, ते त्या निमुळतेपणावर. कंपनीची पिन बेताची असते. बाजारात दुसऱ्या मिळतात, जास्त कोरलेल्या. त्या घातल्या की गाडी घाटात पळते, धूर ओकते आणि इंजिन तापतं. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. पण न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारे जुने ट्रेलर अजून रग्गड आहेत.

मिस्त्रींकडे पत्र्याच्या झाकणात अशा पाच-सहा पिना असत आणि सगळ्यांची त्यांनी नावं ठेवली होती. कंपनीची ती 'सून'. जरा जास्त कोरलेली 'शहाणी'. त्यावरची 'उतावळी'. आणि सगळ्यात खोल कोरलेली ती 'खादाड'. खादाड त्यांनी कोणाच्याही गाडीत घातली नाही, नुसती तुलनेसाठी ठेवली होती. नवी पिन ओठावरून फिरवायची, मग खादाड फिरवायची, मग परत नवी. "ही तिची भयीन हाय," असं म्हणून नवी बाजूला टाकायचे.

आणि त्यांचा एक रिवाज होता. पंपातून काढलेली मूळ पिन ते तेलाच्या कागदात गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे आणि प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवायचे: "जपून ठेव. पस्तावलास की घेऊन ये." पूजा सांगणाऱ्या भटजींसारखं, चढउतार न करता.

माझ्याकडच्या मालावरून आमची भांडणं व्हायची. एकदा पंजाबातून 'शहाणी'च्या नंबरच्या पिनांची पुडी मागवली. मिस्त्रींनी दहाच्या दहा ओठाला लावल्या आणि सात परत केल्या.

"शेठ, ही एका आयशीची पोरां नाय."

"अहो, नंबर एकच आहे. पाकिटावर छापलंय बघा."

"नंबर छापनाऱ्यानं ओठाला लावून छापलाय का?"

मी चिडलो. त्या सात पिना परत पाठवायच्या म्हणून वेगळ्या ठेवल्या. मग आज पाठवू, उद्या पाठवू करत त्या खणातच राहिल्या, आणि एके दिवशी आवराआवर करताना मीच त्या त्याच नंबरच्या डबीत टाकल्या. वाईट हेतूने नाही. आळसाने. पण या गोष्टीत माझा आळस फार महाग पडला, हे आधीच सांगून टाकतो.

धर्मा हा मिस्त्रींचा लाडका ड्रायव्हर. उरणकडच्या एका गावचा, बाप मिठागरावर राबलेला, स्वतःच्या जुन्या ट्रेलरवर स्वतः बसणारा. गाडीतून तो उतरायच्या आधी त्याचं हसू खाली पोचायचं. दर महिन्याला तो खादाड मागायचा आणि मिस्त्री त्याला शिव्या घालायचे. "घाटान मागचे गाडीवाले मना गाली देतान, मिस्त्री," तो म्हणायचा. शेवटी वजनं वाढत चालली आणि मिस्त्री शहाणी घालायला कबूल झाले. दिवस ठरला.

त्याच दिवशी सकाळी मिस्त्रींची दाढ ठणकली. खालची, डावीकडची. स्टेशनजवळच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन ती उपटली आणि हे गृहस्थ तोंडात कापूस धरून थेट गाळ्यावर आले. मी चहा मागवला. तो त्यांच्या हनुवटीवरून ओघळून शर्टावर सांडला, तरी त्यांना पत्ता नाही. मी पोट धरून हसलो. तेही वाकड्या तोंडाने हसले.

धर्मा गाडी लावून उभाच होता. पुण्याचा कंटेनर भरलेला, दुपारी निघायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "उद्या ये." धर्मा अजिजीला आला. मी डबीतून एक पिन काढून त्यांच्यापुढे धरली. मिस्त्रींनी ती सवयीने ओठावर ठेवली, डोळे मिटले, फिरवली. परत फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"नंबर तोच आहे," मी म्हटलं. "बसवा आणि त्याला मोकळा करा."

"चालंल," ते म्हणाले.

बधिर ओठाला सगळ्याच पिना सारख्या लागतात. हे तेव्हा आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही त्याच ओठावरून सांडलेल्या चहाला हसलो होतो, तरी.

जुनी पिन कागदात गुंडाळून मिस्त्रींनी धर्माच्या हातात दिली आणि ते वाक्य म्हटलं. बोबडं आलं. धर्माने त्यांची नक्कल केली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी धर्माचा फोन आला. मिस्त्री तेव्हा माझ्याच दुकानात होते. आवाज मलाही ऐकू येत होता. "मिस्त्री, गाडी काय पलते! घाटान सगल्यांना मागं टाकली!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "धूर किती हाय?"

"हाय थोडा काला."

"गाडी घेऊन ये. आताच ये."

"एक फेरी मारून येतो."

फोन ठेवून मिस्त्री माझ्याकडे वळले. "शेठ, शहाणी येवढी पलत नाय. ती पिन कंच्या पुडीतली?"

मला त्या क्षणी सगळं आठवलं. खण, डबी, सात पिना. पण तोंडातून आलं, "डबीतली. नंबर बघूनच दिली." खोटं त्यात काही नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी रिक्षा करून, मोटरसायकल मागून, कसंही करून त्याला नाक्यावर अडवलं असतं. मला आपल्या दुकानाची अब्रू वाचवायची होती, एवढंच. मिस्त्रींनी दिवसभर फोन लावले. धर्माने गाडी चालवताना फोन उचलला नाही. तो तसा शिस्तीचा होता.

घाटात अर्ध्या चढावर त्याचं इंजिन जाम झालं. तापून पिस्टन वितळला होता. भर वळणावर गाडी उभी राहिली. मागे घरंगळू नये म्हणून धर्मा खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावत होता. पाठीमागून आलेल्या दुसऱ्या कंटेनरला तो दिसला नाही.

सगळे म्हणाले, ते वळणच वाईट. पोलिसांनीही तेच लिहिलं. काही दिवसांनी धर्माच्या चुलतभावाने इंजिनाबरोबर पंपही खोलायला आणला, तो अर्थातच मिस्त्रींकडे. त्यांनी टोपी काढली, पिन काढली, पुसली आणि ओठावर ठेवली. ओठ आता शुद्धीवर होता. फिरवायची गरजही पडली नाही. झाकणातली खादाड उचलून त्यांनी दोन्ही पिना शेजारी शेजारी ठेवल्या. कोर सारखीच खोल होती.

"मिस्त्री, झालं ते झालं," मी म्हटलं. "कोणाला कळणार नाही."

त्यांनी हात धुतले, सदरा बदलला. "गाडी काढा, शेठ. त्याच्या बापाकडं जायाचा हाय."

मी स्कूटर काढली. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

धर्माचा बाप ओट्यावर बसला होता. मिठाने पायाची कातडी जन्माची उकललेली. मिस्त्री त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं: पिन, दाढ, बधिर ओठ. म्हणाले, "चूक माजी हाय. दुसऱ्या कोनाची नाय." मी दाराला टेकून उभा होतो. पंजाबच्या पुडीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून आत गेला आणि तेलकट कागदाची एक पुडी घेऊन आला. धर्माने ती देव्हाऱ्यात ठेवली होती.

"माजा पोर बोलला, मिस्त्रीनं सांगलाय, पस्तावलास की घेऊन ये," तो म्हणाला. "तो तं गेला. आमी पस्तावलो. घे."

मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी बखोटीला धरून त्यांना उठवलं. परतीच्या वाटेवर मिठागरापाशी त्यांनी मला थांबायला लावलं, मागून हात पुढे करून ती पुडी माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वर हलकेच थापटलं. ती पिन परत केलेल्या सातांतली होती, हे पंप खोलला तेव्हापासूनच त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी एकही पंप उघडला नाही. गाळ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. खालचा ओठ दातांनी चावत राहायचे, रक्त येईपर्यंत. त्यांच्या मुलीने डॉक्टरला दाखवलं, मलम आणलं. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. ओव्याला अंत्यविधीला मी गेलो होतो, पण मागे उभा राहिलो.

पिन माझ्या गल्ल्याशेजारी तशीच कागदात आहे. परवा दुपारी ती खिशात घातली आणि दुकान उघडं टाकून शेवटच्या गाळ्यापर्यंत चालत गेलो. शटर खाली होतं. कुलपावर धूळ बसली होती. मी पुडी हातात धरून शटरला म्हटलं, "घेऊन आलो, मिस्त्री," आणि मग परत आलो.