खड्यावरची वाफ

सराफ बाजारातला तो दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला 'साहेब' म्हणतो आणि ओळखीच्याला 'भाऊ'. अमेरिकन डायमंडची अंगठी दाखवताना, समोरचा कितीही घाईत असो, तो आधी खड्यावर तोंडाची वाफ सोडतो. "बघा, रेंगाळली. हिऱ्यावरून लगेच उडाली असती." मग चष्मा कपाळावर सरकवून ठरलेलं वाक्य म्हणतो, "परवडेल ते घ्या हो, लाज कसली? फक्त जिच्या बोटात घालाल तिला सांगून घाला."

माझ्या साखरपुड्याची अंगठी त्याच्याकडचीच. मलाही त्यानं हेच बजावलं होतं. पण तिनं "हिरा आहे?" असं हरखून विचारलं आणि मी मान हलवली. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत सहा वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात खडा हलायला लागला, तेव्हा बायको मला घेऊन त्याच्याकडेच गेली. "दादा, हिरा आहे, जरा सांभाळून," ती म्हणाली. त्यानं अंगठी सवयीनं तोंडाशी नेली, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. वाफ न सोडताच त्यानं खडा घट्ट करून दिला. "जपा हं ताई," तो खाली बघत म्हणाला, "हिरा आहे."

काल त्याच्या दुकानावरून जात होतो. सहा वर्षं मला 'भाऊ' म्हणणाऱ्या त्या माणसानं मान वर केली, चष्मा नीट डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "या साहेब."