बिनदुधाचं दार

उत्तराच्या घरी दूध बंद होऊन चार महिने झाले. दूध, दही, तूप, पनीर, झाडून सगळं. ऑटिझम असलेल्या लेकरांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, दूध तोडलं आणि आमचा मुलगा बोलायला लागला. तिच्या पाच वर्षांच्या गार्गीजवळ सगळा मिळून एकच शब्द होता. आणखी दोन आले तर काय वाईट, म्हणून उत्तरानं फ्रिज रिकामा केला.

पोरीसोबत तिनंही काळा चहा धरला. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचून वाचून डोळे शिणले. केकच्या धाकानं वाढदिवस टाळले, तर हळूहळू बोलावणीच येईनाशी झाली. नवरा उन्मेष बदलीवर चंद्रपूरला. रविवारी यायचा तो टपरीवर चहा पिऊनच. शेजारच्या इंदुताईंनी फाटकातूनच हाणलं, "दुधाबिगर लेकरू पोसते का वं? काहून छळून राहिली तिले?" उत्तरा हसली आणि दार लोटून घेतलं.

आणि त्यातच गार्गीचा तो एक शब्दही गेला. "दूऽऽ!" रोज सकाळी सातला दाराशी धावून ओरडायची. उत्तराला वाटे, दूध मागते. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दूध तोडल्यानं बोलणं येतं, याला भक्कम पुरावा नाही. तिला पचत होतं, तर सुरू करा." परवा उत्तरानं कपभर दूध समोर ठेवलं. गार्गीनं कप सरकवून दिला. ना घोट, ना शब्द.

काल ती भाजीला हुडकेश्वरच्या चौकात गेली, तर रुपराव दूधवाला कोणाच्या तरी दाराशी हाळी देत होता. "दूऽऽध!" वर चढत जाऊन मधेच तुटणारा सूर. हिच्या घरचं दूध सुटल्यापासून तो त्यांच्या गल्लीत वळतच नव्हता. गार्गीचं "दूऽऽ" अगदी याच सुरात असायचं. पोरगी दूध मागतच नव्हती. ती रुपरावला ओ देत होती.

"रुपरावभाऊ, उद्यापासून आमच्या दाराशी हाळी द्या."

"एक लिटर लावू?"

"दूध नको. नुसती हाळी."

"काहून मजाक करून राहिल्या ताई? लोक म्हणतीन, रुपराव सटकला."

तिनं सगळं सांगितलं. कॅनच्या झाकणावरचा त्याचा हात तिथंच राहिला. "मले आवाज देत होती? मी समजलो, पोरीले दुधाची घाई."

आज सातला तो आला. हाळी दिली. भिंतीवर घासत असलेलं गार्गीचं बोट थांबलं. तोंड उघडलं नाही. त्यानं आणखी एकदा दिली. पण त्याला पुढची घरं होती. "उद्या येतोच," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

आवाज गल्लीबाहेर गेला. मागे दोघीच. उत्तरानं घसा खाकरला आणि तोच सूर लावून पाहिला, "दूऽऽध!"

गार्गी उठली, जवळ आली आणि तिनं आईच्या ओठांवर तळवा दाबून धरला. हा आवाज त्याचा नव्हे, एवढं तिला पक्कं कळत होतं.