बसमधला तह

काळेवाडीत ज्योतीरामला दोन नावं होती. तोंडावर ‘ड्रायव्हर’ आणि माघारी ‘फितूर’. दुसरं नाव मला कधी पटलं नाही, पण आमच्या गल्लीत कुणाला पटायच्या आधीच गोष्टी ठरून जातात.

ज्योतीराम मूळचा बीडकडचा. चाकणच्या आमच्या कंपनीत कामगारांची बस चालवायचा, तीही ठेकेदाराच्या पगारावर. म्हणजे धड युनियनचा नाही, धड कंपनीचा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कंपनीत संप झाला. आमचे पुढारी कोंडीरामभाऊ गेटवर सांगून बसले की आधी साहेबाने निरोप पाठवावा. मोठे साहेब आत सांगून बसले की आधी पुढाऱ्याने निरोप पाठवावा. दोघांच्या हट्टात आमच्या चुली थंडावल्या. ज्योतीराम मात्र रोज बस धुऊन-पुसून देहूरोडला नेऊन उभी करायचा. रिकामी बस चालवायची त्याला लाज वाटायची.

मग एके दिवशी संप मिटला. मागितलं त्यातलं निम्मं पदरात पडलं आणि कसं मिटलं ते कुणालाच कळलं नाही. तेवढ्यात समाधान नावाच्या फिटरने सांगितलं, की ज्योतीरामला साहेबांच्या बंगल्यातून निघताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. झालं! कंपनीने याला फोडला आणि याने संप, असा निकाल लागला. त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. चारचौघांत एकदा तरी बोला म्हणून ती त्याच्या किती मागे लागली, पण हा मूग गिळून बसला. मला त्याचा राग यायचा.

यंदा स्वरूपा आली. ही कासारवाडीची मुलगी, माहितीपट करते. जगात जी भांडणं पडद्याआड, गुपचूप मिटवली गेली त्यांच्यावर तिची फिल्म चालली होती. देशादेशांतल्या वाटाघाटींच्या शेजारी तिला आपल्या गावातलाही एक तह हवा होता. निवृत्त झालेल्या साहेबांना गाठून तिने कबूल करून घेतलं, की ते आणि कोंडीरामभाऊ देहूरोडला, उभ्या बसमध्ये, पडदे लावून भेटले होते. मधला माणूस ज्योतीराम. कॅमेऱ्यासमोर बसायला मात्र ज्योतीरामने साफ नकार दिला.

त्या संध्याकाळी चहा पिताना त्याने मला खरं सांगितलं. त्याला कुणीच पाठवलं नव्हतं. साहेबांना तो म्हणाला, कोंडीरामभाऊंनी निरोप दिलाय. कोंडीरामभाऊंना म्हणाला, साहेबांनी बोलावलंय. समोरचा आधी वाकला, अशा समजुतीत दोघंही बसमध्ये येऊन बसले.

मी म्हणालो, लेका, मग सांगून टाक की.

“काय सांगू? दोघांलाबी फसवलं म्हणून?” तो म्हणाला. “फितूर तर हायेच, आता लबाडबी म्हणतील. मंजुळाला ते सोसायचं न्हाई.”

मंजुळाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. फिल्ममुळे नवऱ्याच्या नावावरचा डाग निघेल या आशेवर, फिल्म दाखवायच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून सभागृहात आली. जुने कामगार झाडून आले होते.

पडद्यावर कोंडीरामभाऊ म्हणाले, “कंपनीनं माणूस धाडला, म्हणून आमी गेलो.” साऱ्या माना ज्योतीरामकडे वळल्या. कंपनीचा माणूस! मंजुळाबाईने पदर तोंडाशी नेला. पण लगेच पडद्यावर साहेब आले आणि म्हणाले, आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं, ज्योतीराम त्यांच्या पुढाऱ्याचा निरोप घेऊन आला होता.

दिवे लागले. दोघांचं बोलणं जुळत नाही, काका, खरं काय, असं स्वरूपाने कोंडीरामभाऊंना सगळ्यांदेखत विचारलं.

भाऊ आता थकलेत, काठी लागते. त्यांनी ज्योतीरामकडे बराच वेळ पाहिलं. मी मागच्याच खुर्चीवर होतो. मी कुणाला पाठवलं नाही, एवढं भाऊ म्हणाले असते तर ते खरंच होतं, आणि न वाकलेला पुढारी हे नावही शाबूत राहिलं असतं. भाऊंना सगळं उमगलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

ते उठून उभे राहिले. “सायेब खरं बोलत्यात. ज्योतीरामाला म्याच धाडला व्हता. कॅमेऱ्याम्होरं सांगायची लाज वाटली.”

संप मिटला त्या दिवशी समाधानने भाऊंना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. तो उठला आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले.

ज्योतीरामला राहवेना. तो बोलायला उठत होता, तोच भाऊंनी जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात दाबला.

“बस खाली,” ते हळूच म्हणाले. “लई वरसं तू सोसलंस. आता जरा माझ्या वाट्याला येऊ दे.”

मंजुळाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रागाने तिचा आवाज कापत होता. “भाऊ, तुमीच धाडलं व्हतं, तर इतकी वरसं गप का बसलात?”

कोंडीरामभाऊंनी काठी बगलेत धरली, तिच्यापुढे दोन्ही हात जोडले आणि चुकलं म्हणाले. तेव्हा ज्योतीराम लहान मुलासारखा रडायला लागला.