पायांवरचा पराग

"तोंड काय पाहून राह्यले, भाऊ? पाय पाहा, पाय!" अमडापूरच्या मधपेट्यावाल्या बाई पेटीपुढे उकिडव्या बसून ओरडायच्या. परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या दिसल्या की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तोही क्षणभरच, लगेच पुढच्या पेटीकडे धाव. त्यांना बसून चहा पिताना तुम्ही पाहिलं असेल, तर तुम्ही नशीबवान. मी नाही पाहिलं.

जानेफळला मी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावतो. त्या फुलदांड्यांवर पांढरे गोंडे फुलले की बाईंच्या पेट्या माझ्या बांधावर यायच्या, कारण माशी फिरल्याशिवाय बी भरत नाही.

एकदा बायकोनं विचारलं, "माशी एवढा पराग आणते तरी कशी?" बाईंनी परातीतलं कोरडं पीठ स्वतःच्या हातावर उधळलं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते विंचरून गोळा केलं, पाण्याचं बोट लावून गोळी वळली आणि साडी जराशी वर करून पोटरीला चिकटवली. "माशी पाण्याच्या जागी मध लावते. आन् हे सारं उडता उडता, बरं!" बायको हसता हसता तव्यावरची पोळी विसरली.

त्यांची अट एकच होती. "फवारा माराचा असन त मले आदल्या दिवशी सांगा. पेट्यायचं तोंड बंद करा लागते." मी "हाव" म्हणालो होतो.

गेल्या वर्षी गोंड्यांवर फुलकिडे दिसले आणि माझा धीर सुटला. दोनच तर ओळी, म्हणून भर सकाळी फवारलं. फोन केला नाही. दुपारी पेट्यांपुढे माश्यांचा सडा पडला होता.

बाई आल्या. एक मेलेली माशी तळहातावर घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरली. गोळ्या पायांवर तशाच होत्या. "घरापावतर आणलं होतं भाऊ तिनं," एवढंच बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या पेट्या घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर, हातात मलमलचं फडकं. एकेका गोंड्यावरून ते हलकेच फिरवत निघाल्या, या फुलाचा पराग त्या फुलाला.

"बाई, तुम्ही काऊन आल्या?"

"गोंड्यायनं काय केलं, भाऊ?"

तीन सकाळी मी शेजारच्या ओळीत गोंड्यांवरून तळवे फिरवत चाललो. 'माफ करा' एवढं काही तोंडातून निघालं नाही. बी मात्र भरलं.

या वर्षी डोंगळे पुन्हा फुललेत. बाईंच्या पेट्या आता मलकापूरकडे असतात म्हणे. मी सकाळपासून बांधावर येरझाऱ्या घालतोय. शेतात गुणगुण अशी नाहीच. फोन काढतो, नंबर शोधतो, परत खिशात टाकतो. माफी तर मागायचीच आहे. पण गरज पडल्यावर मागितलेली माफी बाई लगेच ओळखतील.