हो न साहेब

बेला गावच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात जात नाहीत, असा अहवाल मी नुसते आकडे बघून ठोकून दिला. तिथल्या नर्सबाईंच्या बदलीचा हुकूम तयार झाला. आमचे कारकून माझ्या प्रत्येक वाक्याला कान कोरत “हो न साहेब” म्हणतात, तेव्हाही म्हणाले. हुकूम मात्र आठवडाभर जेवणाच्या डब्याखाली दाबून बसले. मी चिडलो, तर त्यांनी पेढा पुढे केला. बेल्यात राहणारी त्यांची सून तिच्या माहेरी, पैनगंगेपलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती.

“म्हणजे बेल्याच्या बायका माहेरी, तिकडच्या दवाखान्यात जातात?”

“हो न साहेब.”

“मग आधी का नाही बोललात?”

“तुमची बायको कुठं गेलती बाळंतपणाले?”

“माहेरी.”

“घरचं ध्यानात राहत नाही साहेब, अन् जिल्ह्याचा अभ्यास करून राह्यले!”