दीडशहाण्यांचा काटा

चौकाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना लोक तोंडावर काका म्हणत आणि पाठ वळली की दीडशहाणे. हे नाव कोणी पाडलं ठाऊक नाही, पण ज्याने पाडलं त्याला माणसं कळत होती. गाडी येऊन थांबली की दीडशहाणे टायरकडे नंतर बघत. आधी मालकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत, तोंडातली काडी या गालातून त्या गालात सारत आणि म्हणत, "हं, बोला. काय दिवे लावलेत?"

समोरच्या सलूनवाल्याचा टायर भर रस्त्यात बसला आणि स्टेपनी काढून बघतो तर तीही पापडासारखी चपटी. ती दोन्ही चाकं रिक्षात घालून तो बिचारा आला, तर दीडशहाण्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "स्टेपनीत हवा शेवटची कधी बघितलीस?"

"गाडी घेतली तेव्हा."

"वा रे पठ्ठ्या! बायकोकडे तरी बघतोस ना अधूनमधून, की तिलाही लग्नातच बघितलंस?"

गणिताच्या सरांची गत त्याहून वाईट. नट सैल करायच्या आधीच त्यांनी जॅक लावून गाडी उचलली. चाक अधांतरी गरगर फिरतंय आणि सर पान्याला लोंबकळतायत, हे दृश्य दीडशहाण्यांनी येताजाता पाहिलं आणि पुढे दोन वर्षं जो भेटेल त्याला अभिनयासह करून दाखवलं. "अहो, आधी हँडब्रेक, मग पलीकडच्या चाकाला दगड, मग नट सैल, मग जॅक. चार पायऱ्यांचं गणित. आणि हे आमच्या पोरांना भूमिती शिकवणार!"

वाईट एवढंच की माणूस बोलायचा ते खरं असायचं. हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना. बदललेल्या चाकाचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी हे सगळं न अडखळता सांगितलं असतं आणि वर विचारणाऱ्याची अक्कलही काढली असती. पंक्चर असं काढत की त्या जागेतून पुन्हा निसटायची हवेची बिशाद नव्हती. म्हणून लोक शिव्या खाऊन येत. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय!

या माणसाला एक धाकटी बहीण होती आणि तिला एक मुलगी. नवरा गेल्यावर बहिणीने शिवणकाम करून मुलीला वाढवलं. हल्ली बहिणीचे डोळे साथ देईनात, मशीनच्या सुईत दोरा ओवायलाही शेजारीण लागे. भाचीने गाडी चालवायचा परवाना काढला आणि एका इस्पितळात डायलिसिसच्या पेशंटांना घरून आणण्या-सोडण्याच्या गाडीवर तिला नोकरी लागली. सहा महिने कच्ची, मग पक्की. घर आता तिच्यावर होतं.

"पोरगी गाडी चालवणार!" दीडशहाणे हसले होते. "चालव. पण दर सोमवारी सकाळी गाडी माझ्याकडे आणायची. दुसऱ्या कोणाला चाकाला हात लावू देऊ नकोस. सगळे गाढव आहेत."

भाची दर सोमवारी सात वाजता गाडी आणून उभी करी. मामा हवेचा पाइप ओढत, टोकाला लावलेल्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या गोल काट्याकडे बघत चारही टायरांत तेहतीस भरत आणि पाचव्यांदा स्टेपनीत. रांगेत माणसं असली तर म्हणत, "बघा, ही पोर तुमच्यापेक्षा बरी. निदान येते तरी." भाचीला तेवढंच बरं वाटे. मामांकडून याहून गोड शब्द आजवर कोणाला मिळाला नव्हता.

चौथ्या महिन्यात गाडीचे चारही टायर दोन्ही कडांनी घासून गुळगुळीत झाले. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि भाचीला फैलावर घेतलं. "हवा कमी ठेवून पळवतेस!"

"मामा, हवा तुम्हीच भरता ना? दर सोमवारी?"

"सोमवारी मी भरतो. मंगळवार ते रविवार काय करतेस? खड्डे बघतेस का, की आरशात तोंड बघतेस?"

इस्पितळाने कुरकुरत नवे टायर दिले. गाड्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी भाचीला बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर नोकरी विसर.

सातच आठवड्यांत, दुपारच्या रणरणत्या उन्हात, गावाबाहेरच्या रस्त्यावर मागचा डावा टायर फाटला. गाडीत तीन पेशंट होते. भाचीने स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेकवर पाय आपटला नाही, वेग आपोआप उतरू दिला आणि गाडी कडेला घेतली. तिघांना झाडाच्या सावलीत बसवलं, चाकाला दगड लावला, नट सैल केले, जॅक चढवला आणि वीस मिनिटांत चाक बदललं. मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याने सगळं झाल्यावर आपला काटा काढून उरलेले टायर तपासले. "बाई, चोवीस हवा आहे यात. पेशंट भरून असल्या टायरांवर चालवता?"

तो वार सोमवार होता. सकाळीच मामांनी तेहतीस भरली होती.

पेशंट पोचवून भाची तशीच चौकात आली, हात कोपरापर्यंत काळे. "मामा, तुमच्या काट्यात काहीतरी घोळ आहे. एकदा दुसऱ्या काट्याशी लावून बघा ना."

दीडशहाण्यांनी रांगेकडे वळून हात पसरले. "ऐकलंत? नाचता येईना अंगण वाकडं! तीस वर्षं मी हवा भरतोय आणि रस्त्यावरचा कोण कुठला ट्रकवाला मला शिकवणार. अगं, टायर तू फाडलास. स्वतःची चूक पदरात घ्यायला हिंमत लागते, ती तुझ्या बापाकडेही नव्हती."

रांगेतलं कोणी हसलं नाही. सर आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले, सलूनवाल्याने मान वळवली. दीडशहाण्यांना वाटलं, लोकांनाही भाचीची लाज वाटतेय. भाची गाडीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाचे साहेब फाटका टायर घेऊन स्वतः आले. टायरचा जाणकार म्हणून यांचं नाव त्यांनी ऐकलं होतं, नातं मात्र ठाऊक नव्हतं. कारण लेखी हवं होतं. दीडशहाण्यांनी नातं सांगितलं नाही. आपण नात्यागोत्याला भीक घालत नाही याचा त्यांना फार अभिमान! त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हवा कमी ठेवून गाडी चालवली. चालकाचा निष्काळजीपणा.' खाली झोकदार सही केली. संध्याकाळी भाचीची नोकरी गेली.

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, ते तू लिहिलंस?"

"खरं ते लिहिलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. भांडली असती तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. ती भांडलीच नाही, आणि त्या 'बरं'ने त्यांना अंथरुणात कूस बदलायला लावली. शेवटी ते स्वतःवरच चिडले. दाखवतोच म्हणाले माय-लेकीला. नवा काटा विकत आणतो, दोन्ही काटे त्यांच्या समोर ठेवतो, मग बघू कोणाचं तोंड कसं होतं.

सकाळी स्वतःच्या गाडीच्या एका टायरात आपल्या काट्याने तेहतीस भरून ते सुट्या भागांच्या दुकानात गेले, नवा काटा घेतला आणि तिथेच लावला. चोवीस. ते दुकानदारावर उखडले, "असला भंगार माल विकतोस?" दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काटा दिला. चोवीस. तिसरा दिला. चोवीस. चौथा द्यायला तो वाकला तेव्हा दीडशहाणे म्हणाले, "राहू दे." असल्या कमी हवेवर भाची पाच-सहा महिने आजारी माणसं घेऊन फिरली होती.

ते बहिणीकडे गेले. खुर्चीत न बसता, दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. भाचीने ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगता, मामा? मला माहीत होतं. साहेबांना सांगा."

साहेबांनी कपाटातून कागद काढून समोर धरला. "अक्षर तुमचंच ना? काल चालकाची चूक, आज काट्याची. आणि तेवढ्यात मला कळलं की ती तुमची भाची. उद्या म्हणाल, टायर साहेबांनीच फाडला." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी लिहून द्यावं की काट्यात खोट होती. मग मी वर बोलतो. उद्या नवा ड्रायव्हर घेतोय, तेव्हा आजच काय ते आणा."

म्हणजे आता ज्यांची उभा जन्म टर उडवली त्यांच्याच दारात जाऊन, माझा काटा खोटा होता असं लिहून द्या म्हणून हात जोडायचे. दीडशहाण्यांनी कोरा कागद घेतला, वर मजकूर लिहिला आणि रस्ता ओलांडून सलूनमध्ये शिरले. सर खुर्चीत बसले होते, गालाला साबण फासलेला.

"माझ्या काट्यात..." दीडशहाण्यांनी कागद पुढे केला. "काटा नऊने जास्त दाखवतो. म्हणजे मी भरतो ती हवा कमी असते. तुमच्याही टायरात कमीच गेली असणार. सही पाहिजे. भाचीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला, कागद वाचला आणि काही न विचारता सही ठोकली. दीडशहाणे बघतच राहिले. "अरे, तपासून तरी बघ. पुरावा तरी माग."

"काका, काटा बिघडून दोन वर्षं झाली की. तुमच्याकडे पंक्चर काढतो आणि पुढच्या पंपावर जाऊन हवा भरून घेतो. सगळेच भरतात."

"सगळे?"

"हो," सर साबणाच्या आतून म्हणाले. "द्या, मीही करतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मी एकदा बोललो होतो," सलूनवाला म्हणाला. "टायर बसल्यासारखा वाटतो म्हटलं. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी हवा मोजतोस तर कात्री कशाला ठेवतोस, केसही डोळ्यांनीच काप. सगळा चौक हसला. त्यानंतर कोण बोलणार?"

बाकावर नंबर लावून बसलेले दोघेही उठले आणि त्यांनी सह्या केल्या. एकाने कागद शेजारच्या बेकरीतही नेला. तो परत आला तेव्हा त्यावर अकरा सह्या होत्या. दोन हव्या होत्या.

दीडशहाण्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मला नाही सांगितलंत, ठीक आहे. माझं तोंडच तसलं. पण ती पोर दर सोमवारी तुमच्या डोळ्यांदेखत येत होती. तिला तरी कोणी सांगायचं होतं."

सरांनी गालावरचा साबण टॉवेलने पुसला. यावेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

"आम्हाला वाटलं, सख्खी भाची आहे. तिच्या गाडीत तरी नीट बघून भरत असाल."